फुकटच्या पंचवीस वेबसाइटी आणि आपला चाळिसावा बुकमार्क

अंबडचा_स्टोअरवाला:
काल इथे एकाने यादी डकवली: 'घरबसल्या शिकायला या पंचवीस वेबसाइटी फुकट आहेत, आता क्लासला पैसे घालणारा मूर्ख.' खाली लोकांनी हात जोडून रांग लावलेली. गप्प बसणार होतो, पण राहवेना. हात जोडणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यातल्या पाच तरी उघडल्या? मी स्वतः याद्या साठवणारा जुना पापी आहे. खान अकॅडमी, स्वयम, एनपीटेल, सगळीकडे खातं. बहुतेक ठिकाणी पहिल्या धड्यावर मुक्काम. एनपीटेलचा कोर्स बघायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला मात्र हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन बसावं लागतं. ज्या कोर्सचे हजार भरले तेवढा एकच पुरा झाला. खिसा दुखल्याशिवाय आपण हलत नाही.

कामाला आली ती एक साधी गूगल शीट, तीही मार खाऊन. डिस्पॅचच्या तारखा टाकत होतो. 03/04 म्हणजे आपली 3 एप्रिल. महिनाअखेरीस बघतो तर पहिल्या बारा दिवसांचा माल वर्षभर विखुरलेला आणि 13 तारखेपासूनचा बेरजेतच नाही. अर्धा तास डोकं धरून बसल्यावर दिसलं: 12 पर्यंतच्या तारखा खान्यात उजवीकडे, 13 पासूनच्या डावीकडे. शीट अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचत होती. तेरावा महिना नसतो, म्हणून पुढचं सगळं तिने नुसता मजकूर समजून सोडून दिलं. चूक माझीच, सेटिंग बघितलं नव्हतं. फाईल, सेटिंग्ज, लोकेल, तिथे भारत. मग अख्ख्या महिन्याच्या तारखा पुन्हा टाकल्या. साहेबांच्या शिव्या तेवढ्या फुकट मिळाल्या. पंचवीसपैकी कुठली वेबसाइट हे शिकवते, सांगा.

द्राक्षवाली_दिंडोरी:
दादा, तुम्हाला शिव्या द्यायला साहेब तरी होते. मला कोण होतं? क्लास नाशिकला, संध्याकाळचा, आणि घरी यायला गाडी मिळेल याची खात्री नाही. जे शिकले ते रात्री अकरानंतर यूट्यूबवर, आवाज बारीक करून.

आमची बाग निर्यातीची. ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदणी आहे, त्यामुळे कुठलं औषध कधी मारलं हे चोख लागतं. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते औषधागणिक वेगळं. सासरे वहीत लिहायचे, ती वही एकदा औषधाच्या ड्रमात पडली. मग मी शीट केली: औषध, फवारल्याची तारीख, सोडायचे दिवस. दिवस भरले नसतील तर ओळ लाल. एवढ्या लाल रंगाला चार रात्री गेल्या, कारण सूत्रात कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह लावलं नाही तर सगळी ओळ नाही, एकच खाना लाल होतो. आता व्यापारी आला की सासरे म्हणतात, "थांबा, सूनबाईचं लाल गेलंय का बघू."

त्यामुळे फुकटाला नावं ठेवू नका.

अंबडचा_स्टोअरवाला:
ताई, तुम्ही चार रात्री एकाच गोष्टीवर काढल्या. मी तेच म्हणतोय. यादीवाले म्हणतात पंचवीस.

द्राक्षवाली_दिंडोरी:
तुम्ही खिसा दुखायला हवा म्हणालात. माझा नाही दुखला.

सिडकोतले_सर:
मूर्ख हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना लागला म्हणून लिहितो. क्लास चालवतो, लपवत नाही. माझ्याकडे येणारी पोरं मोबाइलवर व्हिडिओ झकास कापतात. बायोडेटा पाठव म्हटलं की वहीच्या कागदाचा फोटो येतो, वर अंगठ्याची सावली. फाईल कुठे सेव्ह केली विचारलं की "मोबाइलमध्ये." त्यांना वेबसाइट नको, शेजारी बसणारा माणूस हवा. ताईंसारखी जिद्द शंभरात एखादीची. बाकीच्यांनी एमएस-सीआयटी करावं, जोडीला कृतिदेव फॉन्टमध्ये मराठी टायपिंग शिकावं, प्रेसमध्ये आजही लगेच काम मिळतं.

सुरगाण्याचा_मास्तर:
कृतिदेव??? सर, तुम्ही अजून पोरांना कृतिदेव शिकवता?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरी 1991 पासून आहे. कृतिदेवमध्ये तुम्ही मराठी लिहीतच नाही, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवता. फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'मराठी' हा शब्द ई जे के बी एच असा उघडतो. कुसुमाग्रजांच्या गावात! शोधायला जा, सापडत नाही. अकारविल्हे लावायला जा, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागतं. मला वरून एक तक्ता आला होता, तीनशे पोरांची नावं. ती हाताने पुन्हा टाइप करताना दिवाळीची सुट्टी गेली. आणि तुम्ही त्याची फी घेता.

सिडकोतले_सर:
फीवर जाऊ नका. गिऱ्हाईक मागतं ते शिकवतो.

जुना_डीटीपीवाला:
मास्तर, जरा दमानं. रविवार कारंजावर लग्नपत्रिका लावण्यात हयात गेली माझी. तुमचं युनिकोड 1991 चं असेल, पण पानं लावायच्या आमच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला ते कळत नव्हतं. टाकलं की जोडाक्षरांची हाडं निखळायची, वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. 'श्री' नीट आला नाही तर पत्रिका कोण घेईल? पोट त्याच फॉन्टांवर भरलं. आज वातानुकूलित खोलीत बसून हसायला काय जातं.

सुरगाण्याचा_मास्तर:
वातानुकूलित? काका, सुरगाण्यात या एकदा. पंखा चालला तरी पेढे वाटतो आम्ही.

जुना_डीटीपीवाला:
येतो की. आणि तुमच्या शुद्ध युनिकोडची गंमतही दाखवतो. तुमच्याच तालुक्यातलं बाऱ्हे घ्या. एकजण नुक्तावाला ऱ वापरून लिहितो, दुसरा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडक चिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगवेगळे. शोधा बघू आता.

सुरगाण्याचा_मास्तर:
(वीस मिनिटांनी) करून बघितलं. माझ्याच शीटमध्ये बाऱ्हे दोनदा आहे, एकात 41 पोरं, दुसऱ्यात 6. गेल्या वर्षीपासून ही सहा पोरं कमी का दिसतात म्हणून मी केंद्रप्रमुखांशी वाद घालत होतो.

जुना_डीटीपीवाला:
पेढे कधी देताय?

सुरगाण्याचा_मास्तर:
पंखा चालला की. पण एक सांगतो, हे शोधा-बदलाने एका मिनिटात निस्तरलं. कृतिदेवला दिवाळी गेली होती. एवढ्यापुरते तुम्ही बरोबर, बाकी नाही.

द्राक्षवाली_दिंडोरी:
म्हणजे माझ्या शीटमध्ये 'कऱ्हाडे' मजूर दोन आहेत ते एकच?? दोन हप्ते झाले, हजेरी अर्धी अर्धी येतेय. बाई माझ्याशी भांडून गेली.

अंबडचा_स्टोअरवाला:
तिला बोलवा परत.

द्राक्षवाली_दिंडोरी:
फोन करतेय. उचलत नाही.

सिडकोतले_सर:
एक विचारू का? हे न दिसणारं जोडक कुठल्या व्हिडिओत बघितलंत कुणी? काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. शेजारी बसणारा माणूस म्हणतो तो हाच. आणि ठीक आहे मास्तर, पुढच्या बॅचपासून आधी इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडचा मराठी कीबोर्ड, शिकवतो. कृतिदेव मागणाऱ्यालाच.

सुरगाण्याचा_मास्तर:
उपकार झाले.

जुना_डीटीपीवाला:
माझ्याकडे जुन्या फॉन्टांतल्या पत्रिका दोन हार्डडिस्क भरून आहेत. कुणी युनिकोड करून देईल का? चहा-मिसळ माझ्याकडे.

सुरगाण्याचा_मास्तर:
एक फाईल पाठवा, बघतो. फक्त एक.

पंचवीसची_यादीवाला:
यादी मीच टाकली होती. एवढं बोललात सगळे, तर फॉन्ट बदलून देणारी वेबसाइट सव्विसावी म्हणून घालतो.

अंबडचा_स्टोअरवाला:
घाल. या खेपेला आधी स्वतः उघडून बघ. 'बाऱ्हे' टाकून.