पहिल्या पिढीच्या वकिलाने बारमध्ये ओळखी कशा वाढवाव्यात?

प्रश्न
नमस्कार. सनद मिळाल्यापासून दीड वर्ष मी सातारा जिल्हा न्यायालयात एका सिनिअर वकिलांकडे काम करते आहे. घरात याआधी कोणी वकील नव्हते, त्यामुळे बाररूममध्ये मला केवळ सिनिअरांची ज्युनिअर म्हणून ओळखतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करण्यास आणि काम मागण्यास मनाई असल्याने कोणाशी स्वतःहून बोलण्याचाही संकोच वाटतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
ताई, तो नियम पक्षकार मिळवण्याच्या प्रयत्नांना आहे. सहकारी वकिलांकडे शिकायला जाण्यास त्याची आडकाठी नाही. वकिलाची पारख सर्वांत आधी समोरच्या बाजूच्या वकिलांना होते, असा माझा अनुभव आहे. मुदतीचा (सुनावणी पुढे ढकलण्याचा) अर्ज द्यावा लागणार हे आदल्या संध्याकाळी ठाऊक असेल, तर त्याच वेळी त्यांना फोन करा, म्हणजे त्यांच्या साक्षीदाराला गावाहून एसटीने येऊन हेलपाटा पडणार नाही. अर्जाची प्रत पुकारा होण्याआधी त्यांच्या हातात द्या आणि तडजोडीच्या बोलण्यात दिलेला शब्द फिरवू नका. माझे पहिले स्वतंत्र प्रकरण, ज्यांच्याविरुद्ध मी दोन वर्षे वाटपाच्या दाव्यात उभा होतो, त्याच वकिलांनी पाठवले. त्यातला प्रतिवादी त्यांचा जुना अशील असल्याने त्यांना ते घेता येत नव्हते.

उत्तर २
यात नियम ३९ ची भर घालतो. दुसऱ्याचे वकीलपत्र असलेला पक्षकार आपल्याकडे आला, तर आधी त्या वकिलांची संमती घ्यावी लागते. ती घेण्यापूर्वी स्वतः फोन करावा. पक्षकाराच्या हाती निरोप पाठवल्याने दुरावलेली माणसे मी पाहिली आहेत.

शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा त्याच्याच कक्षेत येतो. तेथील अपिलांसाठी मराठी जबाबांचे इंग्रजी भाषांतर लागते. हे काम किचकट असले, तरी ते नेटके करून देणारी ज्युनिअर अपील चालवणाऱ्या वकिलांच्या लक्षात राहते.

उत्तर ३
फौजदारी कामाची आवड असेल, तर लोक अभिरक्षक कार्यालयातील (जे गरजू आरोपींचा बचाव मोफत करते) सहायकाचे पद तीन वर्षांहून कमी वकिली झालेल्यांसाठीही खुले असते. मात्र तेथे असताना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. काहीही ठरवण्याआधी आपल्या सिनिअरांना विश्वासात घ्या. त्यांना ते बाहेरून कळणे बरे नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. उद्याच्या एका दाव्यात आम्हालाच मुदत मागायची आहे. सिनिअरांना विचारले, समोरच्या वकिलांना आज संध्याकाळी मीच फोन करणार आहे.