जिप्सीचा कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन करावं का?

टाकी_फुल्ल, कोल्हापूर
मंडळी, माझी जिप्सी किंग १९९८ची, १३०० सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटरवाली. पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळायला लागल्यापासून ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते आणि उन्हात सिग्नलला बंदच पडते. जूनमध्ये लडाखला न्यायची आहे. गॅरेजवाला म्हणतो, "२००० नंतरच्या जिप्सीचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं फ्युएल इंजेक्शन) बसवू, दोन दिवसांचं काम." नुसता मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा भाग) बदलून भागतं का हो?

घाटवाट
भावा, आधी आरसी बुक बघ. अख्खं इंजिन बदललंस तर इंजिन नंबर बदलतो, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आली. नोंद नसेल तर अपघाताच्या क्लेमला विमा कंपनी पहिलं तेच काढते.

जुना_वायरमन, सातारा
दोन दिवसांत होतं म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

२०००ला आलेलं ते इंजिन सोळा व्हॉल्व्हचं. हेडच वेगळं, त्यामुळे त्याचा मॅनिफोल्ड तुमच्या इंजिनावर बसत नाही. मग उरतात दोन वाटा. एक, खोललेल्या गाडीचं पूर्ण इंजिन घ्यायचं, सोबत त्याचंच ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर), सेन्सर, टाकीतला पंप आणि न कापलेलं वायरिंग. दुसरी, आहे त्या मॅनिफोल्डवर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी. अमेरिकेतली सामुराई ही आपल्या जिप्सीची सख्खी बहीण. तिला सुझुकीने १९९०च्या सुमारास हेच केलं होतं, म्हणजे अशक्य काही नाही.

खरं काम पेट्रोलच्या बाजूला आहे. तुमचा डायफ्रॅमचा पंप पाव बार दाब देतो. एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतो. जुन्या रबरी पाईपवर साधी क्लिप आवळून हा दाब सोडला तर पेट्रोलचा फवारा थेट गरम सायलेन्सरवर. पाईप जास्त दाबाचा हवा, रिटर्न लाइन हवी आणि टाकीत आडपडदे हवेत, नाहीतर चढाला पेट्रोल मागे गेलं की पंप हवा ओढतो. वायरिंगचं तर विचारूच नका. माझ्याकडे अशा बदललेल्या गाड्या येतात त्या बहुतेक अर्थिंगच्या आणि सैल कनेक्टरच्या तक्रारीने. ईसीएम बिचारं ठणठणीत असतं.

आता तुमचा आजार. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मात्र जुनंच, म्हणून मिश्रण पातळ पडतं आणि गाडी अडखळते. मेन जेट एक नंबर मोठं टाका, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि नीडल व्हॉल्व्ह नवे घ्या, सगळं रबर इथेनॉल चालणारं बसवा. सिग्नलला बंद पडते ती बहुधा पाईपात पेट्रोलची वाफ होऊन. एक्झॉस्टजवळून जाणारा पाईप लांब घ्या.

लडाखला उलटा खेळ. खारदुंगला ५,३५९ मीटर, तिथे हवा समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच. मोठ्या जेटवर तिथे काळा धूर आणि दम नाही. इंजेक्शन हे आपोआप सांभाळतं, त्याचा खरा फायदा तिथेच. पण एका सहलीसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

टाकी_फुल्ल, कोल्हापूर
दादा, इंजेक्शन केलं तर रबराची कटकट तरी सुटेल ना?

जुना_वायरमन, सातारा
नाही. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सुधारतो, फुगलेला पाईप सुधारत नाही. ते रबर दोन्हीकडे बदलायचंच. शिवाय मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगला कार्बोरेटर स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतो, तिथे स्कॅनर कोण आणून देणार? वरच्यासाठी मूळच्यापेक्षा लहान जेट बरोबर घ्या, लेहला पोचलात की बदला. आणि फ्लोट चेंबरचं गॅस्केट जास्तीचं ठेवा, एकदा उघडलं की जुनं परत नीट बसत नाही.