बहिष्कारानंतरचा पहिला खरीप: गायरानात काय पेरावं?

धारूरचा पोर:
जय भीम मंडळी. गेल्या साली मिरवणुकीवरून गावात भांडण झालं, आमच्या वस्तीतल्या पोरांना मारलं, ॲट्रॉसिटी दाखल झाली. तेव्हापासून खुरपणीला कुणी बोलवत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही, आई डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावाला जाते. शेळ्या होत्या त्या दवाखान्यापायी विकल्या. दिवाळीनंतर अर्धी वस्ती उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेली अन् आज्ज्यानं धरलेला गायरानाचा, म्हणजे गावच्या सरकारी चराई जमिनीचा तुकडा पडीक राहिला. आता सगळे परत आलेत. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम आत्तापासूनच पुढच्या उचलीचं विचारतोय. मला वाटतं सोयाबीन पेरावं, हातात पैसा येईल. आई म्हणते आधी खायचं पेर. सातबारा नावावर नाही, त्यामुळं पीककर्ज मिळत नाही. काय करावं?

नांदेडची मावशी:
जय भीम लेकरा. आईचं ऐक.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला अन् मराठवाडा पेटला. आमची वस्ती जाळली तेव्हा मी परकर-पोलक्यातली पोर होते. कणगीतली ज्वारी वरून कोळसा झाली, आतली तांबूस राहिली. आज्जीनं ती सुपात पाखडली, धुतली, वाळवली अन् जात्यावर दळली. त्या भाकरीला धुराचा वास यायचा, घोटाघोटाला पाणी लागायचं. ती ज्वारी सरली तशी माझ्या बापानं ‘आमची कुणाबद्दल तक्रार नाही’ असं लिहून दिलं. माणूस भित्रा नव्हता, घरात चार लेकरं उपाशी होती. ज्या दोन घरांनी माघार घेतली नाही, त्यांचे पाहुणे परभणीकडून पोती आणून टाकत होते. म्हणून आजही कुठल्या वस्तीत गेले की मी केस नंतर विचारते, आधी विचारते की घरात किती दिवसांचं धान्य आहे. कणगी भरलेली असली की मुकादमालाही नाही म्हणता येतं अन् मिटवामिटवी करायला येणाऱ्यालाही.

नवं पीक निघेपर्यंतचं बघ. गावातला रेशनवाला त्रास देत असेल तर दुसऱ्या गावच्या दुकानात अंगठा लावून माल उचलता येतो. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ॲट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत बारावा नियम वाच. पीडितांना सात दिवसांत तातडीची मदत द्यायची, त्यात अन्नधान्यसुद्धा येतं. तुम्हाला ती मिळाली का? नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागा, पोच घ्या. अन् २०१५ च्या दुरुस्तीनं आर्थिक, सामाजिक बहिष्कार हाच गुन्हा झालाय. गिरणीवाल्यानं कोणत्या तारखेला दळण परत केलं, कोण हजर होतं, वहीत लिहून ठेव.

रोजगार हमीच्या कामाची मागणीही सगळ्या वस्तीनं मिळून लेखी द्या. एकेकट्यानं गेलं की तोंडी वाटेला लावतात.

बदनापूरकडचा शेतकरी:
मावशींनी मोठं सांगितलं, मी पेरणीपुरतं सांगतो. गायरान म्हणजे बहुतेक मुरमाड, हलकं. तिथं सोयाबीनला फुलात ताण बसला की शेंगा पोचट. शिवाय बियाणं, खत, फवारणी सगळं उधारीवर, अन् सोयाबीन काही शिजवून खायचं धान्य नाही. भाव पडला तर उधारीवाला दारात उभा.

मूग अन् तूर घे. मुगाच्या चार ओळी, मग तुरीच्या दोन. मृगात पेरलं तर पोळ्याच्या आसपास मूग हातात येतो, घरात डाळ अन् वर चार पैसे. तूर बीडीएन ७११ बघ, आमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचाच वाण आहे. लवकर येतो, मर रोगाला दाद देत नाही अन् हलक्या रानात ओल संपायच्या आत दाणा भरतो. एका कडेला बाजरी टाक, भाकरीची सोय होईल. अगदी उघडा मुरूम असेल तिथं हुलगा. मूग, तूर अन् हुलग्याची ही सरळ वाणं आहेत, संकरित नव्हेत, पुढच्या साली घरचंच बी चालतं.

मुगाचं बी कुणाकडून उसनं घेतलंस तर आधी उगवण तपास. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं ठेव, गुंडाळ, पाच-सहा दिवसांनी उघड. पंचाहत्तरच्या वर मोड आले तर बिनघोर पेर. एकरी पाच-सहा किलो लागतं.

धारूरचा पोर:
मदतीचे पैसे आले, धान्य नाही मिळालं. अर्ज करतो. तुरीचं पटलं. आज्ज्याच्या पेटीत गायरान धरल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या आहेत, १९८५ पासूनच्या. त्याचा उपयोग होतो का? अन् ट्रॅक्टरवाला यायला तयार नाही.

नांदेडची मावशी:
उपयोग? अरे, तेच तर तुझं सोनं आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, त्याला पुरावा म्हणून पावत्या कामी येतात. झेरॉक्स काढून तीन घरी ठेव, मूळ कुणाच्या हातात देऊ नको. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण सरकारी निर्णयानं भूमिहीनांना अन् दलित-आदिवासींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे. पीक उभं असू दे अन् पीकपाहणीला तलाठ्याला रानात ने. पडीक दिसलं की ताबा नाही असं लिहायला वेळ लागत नाही.

ट्रॅक्टरचं सोड. शेजारच्या गावच्या वस्तीत बैल असतील, आई दळायला जाते तिथंच विचारायला सांग. ईर्जिक करा, म्हणजे सगळ्यांनी बैल-औतं घेऊन एकमेकांच्या रानात राबायचं, एका दिवसात सगळ्यांचे तुकडे पाळी घालून होतील. भाकरी-कालवण अन् बैलांचा कडबा तुमच्या वस्तीकडं, तेवढा आत्ताच जमवून ठेव.