१५ वर्षं जुनी गाडी पासिंगला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास होते का? (मदत हवी आहे)

पाऊलवाट (धागाकर्ता):
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. काल गाडी आरटीओत रिपासिंगला (नोंदणी वाढवून घेण्यासाठीच्या तपासणीला) नेली होती. साहेबांनी दोन मिनिटांत बघून नापास केली आणि परत पाठवलं. महिनाभर थांबून तारीख मिळाली होती, त्यात एक दिवसाचा खाडा. जाण्याआधी पाच हजार घातले गाडीवर. ब्रेक लायनर नवे, चेनसेट नवा, दोन्ही टायर नवे. पीयूसी आहे, विमा आहे. सकाळी गार असतानासुद्धा पहिल्या किकला सुरू होते. मग अडलं कुठे?
१५ वर्षं झालेल्या गाड्या खरंच पास होतात का, की भंगारातच घालायला लावतात? पुढच्या महिन्यात बदलीच्या गावी रुजू व्हायचंय. तिथे एसटी दिवसातून दोनदा येते, गाडीशिवाय माझं चालणार नाही. ज्यांनी नुकतंच करून घेतलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

टॅपेट:
गाडी कोणती, साल कोणतं आणि नापास करताना कागदावर काय शेरा मारला? एवढं कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

जुनंतेसोनं:
अजिबात घाबरू नका. माझी यामाहा आरएक्स १०० आहे, १९९४ ची. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असं चार वेळा रिपासिंग झालं, एकदाही परत यावं लागलं नाही. जायच्या आठवडाभर आधी सायलेन्सरचा बॅफल (आतली आवाज दाबणारी नळी) बाहेर काढायचा, त्यावरचा कार्बन जाळून झटकायचा, तेलाच्या पंपाचं सेटिंग तपासायचं. धूर एकदम कमी होतो. तुम्हीही हे करा.

टॅपेट:
त्यांची पीयूसी झालेली आहे. आणि गाडी टू-स्ट्रोक आहे की नाही हेही त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

वाचक४२:
१५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना आता बंदीच आहे ना? बातम्यांत बघितलं होतं.

रेवा:
तो नियम दिल्ली आणि एनसीआरचा (दिल्लीच्या आजूबाजूच्या भागाचा), तिथे पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर गाडी तपासून दर वेळी ५ वर्षांनी वाढवून मिळते. कृपया अशा अर्धवट बातम्या इथे टाकू नका. आमच्या शेजारच्या काकांनी हेच ऐकून चांगली चालती पॅशन मोटरसायकल भंगारवाल्याला चार हजारांत दिली. मला अजून वाईट वाटतं.
धागाकर्त्यांसाठी खर्चाचा हिशेब: दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १००० (२०२२ च्या एप्रिलआधी ३०० होती), मुदत उलटली असेल तर दर महिन्याला ३०० जादा, पर्यावरण कर पाच वर्षांचे २०००. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. गाडी २० वर्षांवरची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून फी २००० झाली आहे. तुमची मुदत कधी संपली?

हरितवाट:
एवढे पैसे आणि एवढा मनस्ताप कशासाठी? अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते नव्या गाडीच्या करात सवलतीला चालतं. मी तीन वर्षं इलेक्ट्रिक स्कूटर चालवतोय. पेट्रोल नाही, ऑइल नाही, पीयूसीची रांग नाही.

पाऊलवाट:
@हरितवाट, बदलीच्या गावात दिवसाला सहा तास लोडशेडिंग असतं. गाडी विकायची नाही, हा प्रश्नच नाही.
@टॅपेट, हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, सप्टेंबर २०१०. शेरा घाईघाईत खरडलाय, त्यात ‘चासी’ (म्हणजे फ्रेम) एवढंच वाचता येतं. पण चासीला काहीही झालेलं नाही. अपघात नाही, वेल्डिंग नाही, गंज नाही. उलट दिवाळीत सगळी सोलून नवी करून घेतली.

टॅपेट:
सोलून म्हणजे? फ्रेमला रंग मारला का?

मीरा_लेस्टर:
विषय थोडा वेगळा आहे, पण इथे ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी) करावी लागते, मोटरसायकललासुद्धा. फी जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स. माझ्या नवऱ्याची १९९८ ची होंडा आहे. दोन वर्षांपूर्वी हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच पडली म्हणून नापास झाली. काय नापास आणि काय नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं, हे छापील मिळतं, आणि नंबर टाकला की कोणत्याही गाडीचा जुना निकाल नेटवर फुकट बघता येतो. जुनी गाडी घेताना आम्ही आधी तेच बघतो. गाडी चाळीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात फार बदल केलेले नसले तर एमओटीतून सूट मिळते. आपल्याकडे निदान शेरा तरी वाचता येईल असा लिहायला हवा, त्याशिवाय माणूस दुरुस्त काय करणार?

जुनंतेसोनं:
चाळीस वर्षांनी सूट? तेव्हाच तर जास्त बारकाईने बघायला हवं.

मीरा_लेस्टर:
सूट फक्त चाचणीतून. गाडी सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मालकावरच राहते. आम्ही तरीही करून घेणार.

पाऊलवाट:
हो, फ्रेमला पावडर कोटिंग केलं. फ्रेम आधीही काळीच होती. टाकी आणि साइड पॅनल लाल होते, तेही काळे केले. त्याचा पासिंगशी काय संबंध? रंगावरून नापास करतात का?

टॅपेट:
सगळं तिथेच अडलंय. शेरा चासी नंबरचा आहे. साहेब ब्रेक आणि दिवे नंतर बघतात, आधी आरसीवरचा नंबर फ्रेमवर आहे का ते पडताळतात. तो वाचता आला नाही तर गाडी कितीही ठणठणीत असो, पुढे जात नाही. मी चोवीस वर्षं दुचाकीचं काम करतोय. माझ्याकडून पासिंगला गेलेल्या जुन्या गाड्यांपैकी इंजिनामुळे परत आलेली मला एकही आठवत नाही. परत येतात त्या नंबर, नंबरप्लेट, आवाज करणारा बाजारू सायलेन्सर, बंद इंडिकेटर आणि कागद यांपायी.
स्प्लेंडरचा नंबर हँडलखालच्या उभ्या पाइपवर असतो, गाडीवर बसल्यावर उजव्या हाताला. हँडल डावीकडे पूर्ण वळवा आणि टॉर्च आडवा धरा. कोटिंगचा थर जाड असेल तर अक्षरं भरून गेलेली असतात. थिनरने पावडर कोटिंग हलत नाही, पेंट रिमूव्हर लागतो. ब्रशने तेवढ्याच पट्टीवर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी थर फुगून सुरकुततो, मग प्लास्टिकच्या पट्टीने सोलून काढा. राहिलेलं जुन्या टूथब्रशने. हातमोजे घाला, टाकीवर थेंब पडू देऊ नका.
आणि काळा रंग केलात त्याची आरसीवर नोंद केली का? आरसीवर लाल आणि समोर काळी असेल तर तोही आक्षेप येणार.

जुनंतेसोनं:
रिमूव्हर वगैरे कशाला? ग्राइंडरला वायर ब्रश लावून हलकेच फिरवला की दोन मिनिटांत पत्रा लख्ख. मी असंच केलं होतं.

टॅपेट:
कृपया हे कोणी करू नका. नंबर पत्र्यात अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल नसतो. वायर ब्रशने कडा झिजल्या की तीनाचा आठ दिसायला लागतो आणि मग प्रश्न नापास होण्यापुरता राहत नाही, नंबर खाडाखोड केल्याचा संशय येतो. आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर परत ठोकूनही घेऊ नका. माझ्या गॅरेजला एक पोरगा अशी घासलेली पल्सर घेऊन आला होता, चोरीची नव्हती, आजोबांनी घेऊन दिलेली होती. आठ महिने फिरत होता.

जुनंतेसोनं:
माझ्या गाडीला काही झालं नाही.

टॅपेट:
तुमचं नशीब चांगलं, पण दुसऱ्याला सांगू नका.

सह्याद्री७:
एवढी माथापच्ची करण्यापेक्षा एजंट लावा ना. हजार-दीड हजार जातात, पण तारीख, फॉर्म, ओटीपी सगळं तो बघतो.

रेवा:
एजंटने चासीवरचा रंग निघणार आहे का? सगळं ऑनलाइन भरता येतं. मी स्कूटीचं स्वतः केलं, एका सकाळीत झालं.

पाऊलवाट:
एजंटच लावलाय. आरसी वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे ओटीपी आणि फॉर्म सगळं त्यानेच केलं. मुदत सप्टेंबर २०२५ ला संपली. नवीन नंबरप्लेट बसवली आहे, ५३१ रुपये. टॅपेट, आज बाजारातून रिमूव्हर आणतो. सोमवारची तारीख मिळाली तर तेवढ्यात होईल ना?

कायदेभान:
वडील तुमच्यासोबत पासिंगला आले होते का?

पाऊलवाट:
वडील मार्च २०२४ मध्ये गेले. गाडी तेव्हापासून मीच चालवतो. ते चौदा वर्षं रोज यावरूनच कारखान्यावर जायचे.

कायदेभान:
वाईट वाटलं. पण हे पहिल्या ओळीत हवं होतं. नूतनीकरणाच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २५ वर, मालकाची सही लागते. तुमच्या अर्जावर कोणाची सही आहे?

पाऊलवाट:
मी केलेली नाही. एजंट म्हणाला, ‘सगळे असंच करतात, मी बघतो.’

कायदेभान:
मग सोमवारी गाडी नेऊ नका. चासी नंबर स्वच्छ दिसला तरी नेऊ नका. गेलेल्या माणसाच्या नावाने सही झालेला अर्ज आहे तो, उद्या काही निघालं तर एजंट बाजूला होईल आणि पुढे तुम्ही उभे राहाल. आधी तो अर्ज मागे घ्या.
वारसाने गाडी नावावर करून घ्यायचा फॉर्म ३१ आहे. मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा, तुमची ओळखपत्रं. आई आणि भावंडं असतील तर त्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्या. नियमात यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, ती कधीच गेली, तेव्हा दंड भरावा लागेल, पण काम होतं. नावबदल, रंगाची नोंद आणि नूतनीकरण हे एकत्र घेतात का, हे खिडकीवर स्वतः विचारा.
दुसरं, तुमचा विमा. पॉलिसी अजून वडिलांच्या नावाने भरताय ना? मालक गेल्यावर पॉलिसी वारसाच्या नावावर करायला तीन महिने असतात. पावती हातात असली तरी अपघात झाला तर तुम्हाला त्यातून काही मिळेल असं धरून चालू नका. आणि नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर दिसली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्याच वेळी २ ते ५ हजार दंड आहे. तोपर्यंत गाडी घरात ठेवा. फार कळकळीने सांगतोय, आमच्या नात्यात हे घडलंय.

हरितवाट:
म्हणूनच मी म्हणत होतो, द्या स्क्रॅपला.

रेवा:
स्क्रॅपला द्यायची तरी मालक किंवा वारस म्हणूनच कागद द्यावे लागणार. आणि त्यांनी सांगितलंय ना विकायची नाही म्हणून.

वाचक४२:
लोन काढून घेतली होती का? बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तोही उतरवावा लागतो. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. माझं यावरच अडलं होतं.

पाऊलवाट:
लोन नव्हतं, रोख घेतली होती. त्या वर्षीच्या उसाच्या बिलात.
बाकी सगळं वाचलं. कायदेभान, तुम्ही लिहिल्यावर रात्रभर झोप लागली नाही, पण बरं झालं सांगितलंत. सकाळी एजंटकडून कागद परत घेतले. सही बघितली. वडील मोडीसारखी शेपटी काढून सही करायचे, ही सरळ इंग्रजी अक्षरात होती. बघवेना. अर्ज मागे घेतोय. आई आणि ताई दोघी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत, ताई शनिवारी येतेय.
टॅपेट, दुपारी रिमूव्हर लावला. पहिल्यांदा काहीच दिसेना, वाटलं नंबर गेला. दुसऱ्यांदा लावल्यावर थर सायीसारखा सुटला, आणि टॉर्च आडवा धरला तसं आधी एम, बी, एल दिसलं, मग एकेक करत सतराही अक्षरं. आरसीशी चार वेळा ताडून बघितली. शेवटचे दोन आकडे थोडे फिके आहेत, पण वाचता येतात. आता त्यावर काय लावू? उघडा पत्रा गंजेल.

टॅपेट:
छान काम केलंत. आत्ता हलका मशीन ऑइलचा हात फिरवा, बाकी काही नको. पासिंगच्या दिवशी पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडं करा, नाहीतर पेन्सिल प्रिंटचा (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढायच्या छापाचा) कागद तेलकट होऊन उमटणार नाही. दोन प्रिंट घरीच काढून ठेवा, टूबी पेन्सिल आडवी धरून. इंजिन नंबरसुद्धा आताच पुसून बघा, डाव्या बाजूला खाली असतो, तिथे चिखल आणि ऑइल बसून कडक थर झालेला असतो. पासिंग झालं की नंबरावर पारदर्शक लॅकरचा एकच पातळ हात द्या. पाच वर्षांनी परत याच जागी टॉर्च धरायचाय.

जुनंतेसोनं:
टॅपेट, माझ्या आरएक्सचा बॅफल गंजलाय. मूळ मापाचा कुठे मिळेल?

टॅपेट:
वेगळा धागा काढा, सांगतो.