अंगणात सायकल सुरक्षित कशी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार. रत्नागिरीतील आमच्या बैठ्या घराची पडवी अरुंद असल्याने गिअरची सायकल अंगणातच ठेवावी लागते. चोरीइतकीच काळजी पावसाची आहे, कारण खाऱ्या हवेत साखळी आणि स्पोकची टोके पाहता पाहता तांबूस होतात आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडून गंज उलट वाढतो. फॅब्रिकेटरने जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, झरोके असलेली पेटी सुचवली आहे. मात्र तिच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसतात, म्हणजे कुलूप कितीही भक्कम असले तरी दार निघणारच. त्यापेक्षा काँक्रीटमध्ये लोखंडी कडी पुरून, वर पन्हळी पत्र्याची छपरी घालून, सायकलची फ्रेम यू-लॉकने (यू आकाराच्या कुलपाने) त्या कडीला जखडणे अधिक भरवशाचे ठरेल का? किनारपट्टीवर अशी सोय केलेल्यांनी कडी किती जाडीची घ्यावी आणि कुलूप पितळेचे घ्यावे की स्टेनलेस स्टीलचे, हे कृपया सांगावे.