मदत हवी आहे: चौथा आणि पाचवा भाग एकत्र वाचावा का?

मंडळी, जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ('गेम ऑफ थ्रोन्स' ज्यावरून आली ती कादंबरीमालिका) या मालिकेच्या सहाव्या भागाची, 'द विंड्स ऑफ विंटर'ची वाट बघून डोळे शिणले. पाचवा भाग आला २०११ मध्ये, तेव्हापासून मार्टिन आजोबा लिहितायतच! तोवर मालिका पुन्हा वाचायला काढलीय, पण चौथ्या भागापाशी अडलंय. जॉन, टिरियन, डेनेरिस या मुख्य पात्रांच्या नजरेतून सांगितलेली प्रकरणंच त्यात नाहीत. त्याच काळातली त्यांची गोष्ट पाचव्यात येते. जॉन त्याच्या मित्राला, सॅमला दूर पाठवतो तो प्रसंग तर दोन्हीकडे आहे, एकदा सॅमच्या नजरेतून, एकदा जॉनच्या. मग दोन्हींची प्रकरणं आलटूनपालटून, काळाच्या क्रमाने वाचावीत का? कुणी तसं वाचलंय? चौथ्यातली राणी सर्सीची प्रकरणं मध्येच तुटली तर मजा जाईल, ही खरी धास्ती. प्रकरणांच्या क्रमाची यादी कुणाकडे असेल तर प्लीज टाका.