कॅमेऱ्याची वायर कोणाकडे आहे?

बाळू: रात्रीचे ११ झाले तरी लिहितोच. माळ्यावर कापसाच्या गाठोड्याखाली ११ कॅसेटी सापडल्या, कॅमेऱ्याच्या छोट्या, मिनी डीव्ही. तीन कॅसेटींच्या टेपवर पांढरी बुरशी चढली आहे. तिथं कोणी ठेवल्या ते विचारत नाही. कॅमेऱ्याची वायर कोणाकडे आहे तेवढं सांगा.

नानाकाका: मीच ठेवल्या. वाटणीच्या वेळी त्याले कोणी हात लावला नाही, म्हणून ठेवल्या.

वरुड आत्या: माया लग्नाची कॅसेट आहे का रे त्याच्यात

पुणे दादा: कॅमेऱ्याला यूएसबी आहे ना? लॅपटॉपला लाव, कॉपी-पेस्ट कर.

बाळू: लावून पाहिलं दादा. आपल्या कॅमेऱ्याच्या यूएसबीतून फक्त कार्डावरचे फोटो येतात. टेपचा व्हिडिओ फायरवायर नावाच्या वेगळ्या वायरीनं निघतो. त्या वायरीचं कॅमेऱ्याकडचं टोक ४ पिनांचं अन् कॉम्प्युटरकडचं ६ पिनांचं. तू ठेवून गेलेल्या जुन्या कॉम्प्युटरात ती वायर लावायचं कार्ड आहे, तोच पुसून चालू केला. कॉपी-पेस्ट होत नाही, एक तासाची टेप एक तास चालवावीच लागते.

नानाकाका: टीव्हीले लावा अन् मोबाइलनं शूटिंग काढा. काऊन खर्च करायचा.

काकू: बुरशीवरून आठवलं, लोणच्याच्या बरणीलेही आली यंदा 😔

वहिनी: काकू, फोडी ओल्याच भरल्या असतील.

काकू: दोन दिवस वाळवल्या बाई मी.

चिंटी: कॅसेटीलेही मीठ लावून पाहा बाळूदादा 😂

वरुड आत्या: माया लग्नाचं कोणी सांगून नाही रायलं

मोठे बाबा: वायर माया खोलीत असन. त्या खोलीले कुलूप आहे. पाच वर्षांत कोणी विचारलं नाही.

बाळू: मोठे बाबा, नमस्कार. मी विचारायला पाहिजे होतं, चुकलं.

नानाकाका: पुन्हा सांगतो, टीव्हीले लावा अन् मोबाइलनं काढा.

बाळू: काका, राग मानू नका, पण तसं काढलं तर पडदा लुकलुकतो अन् पंख्याचा आवाज वरून येतो. टेपवर चित्र अन् आवाज आकड्यांत साठवलेले असतात, फायरवायरनं तेच आकडे जसेच्या तसे उतरतात, काही घटत नाही. तासाला साधारण १३ जीबी लागतात. चांगल्या ८ कॅसेटी, प्रत्येकी तासाची, म्हणजे १०४ जीबी. ती मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवायची, ग्रुपसाठी छोटी वेगळी करायची. इथं टाकलेला व्हिडिओ दाबून बारीक होतो, तोच जपला असं समजू नका. सगळ्या कॅसेटींची खिट्टी सेव्हकडे सरकवली आहे, म्हणजे चुकूनही वरून रेकॉर्ड होणार नाही. अन् एकीवर आबाजीच्या हातचं लिहिलं आहे, "पोळा २००४". आबाजीचा आवाज आपल्यापैकी कोणाच्याच मोबाइलमध्ये नाही. म्हणून माझा जीव वरखाली होऊन रायला.

काकू: 🙏🙏

पुणे दादा: मग बुरशीच्या तीन पण लाव ना.

बाळू: नाही. त्या चालवल्या तर घाण कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला बसते, मग चांगल्या टेपचंही चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं. कोरड्या डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत.

पुणे दादा: नागपूरला साफ करणारा शोध, पैसे मी पाठवतो.

नानाकाका: पैसे पाठवणारे लई पाहिले. आबाजी दवाखान्यात होते तवा रात्री कोण बसलं होतं ते सर्वांले माहीत आहे.

पुणे दादा: काका, मला सुट्टी नव्हती. किती वर्षं तेच.

वहिनी: हे ग्रुपवर नको ना प्लीज.

वरुड आत्या: माया लग्नाची आहे का नाही तेवढं सांगा

बाळू: आत्या, तुमचं लग्न १९९६ चं. ते फोटोग्राफरनं व्हीएचएसवर काढलं होतं, पुस्तकाएवढी मोठी काळी कॅसेट. ती या कॅमेऱ्यात जात नाही. त्याला व्हीसीआर लागतो, अन् तो बनवणारा जगातला शेवटचा कारखाना २०१६ ला बंद झाला. जुना चालू व्हीसीआर शोधावा लागेल. कॅसेट तुमच्याकडेच असेल, कपाटात पाहा.

वरुड आत्या: बरं

नानाकाका: व्हीसीआर माया सासऱ्याकडे होता. विचारतो.

मोठे बाबा: सकाळचे ६ झाले. टॉर्च घेऊन खोली पाह्यली. वायर सापडली, कणगीमागच्या पेटीत. एक टोक छोटं, एक मोठं. बरोबर ना?

बाळू: तीच मोठे बाबा! मी येतो घ्यायला.

मोठे बाबा: नको. मीच आणतो. पोळ्याची पयले लावजो.

बाळू: लावतो. लाइन १० ले येते अन् ४ ले जाते. मधी गेली तर टेप मागं घेऊन पुन्हा चालवावी लागते, म्हणून ९ ले या, इन्व्हर्टर जोडून ठेवतो.

वरुड आत्या: मायी मोठी कॅसेट सापडली. ९ च्या बसनं निघते. मी येईपर्यंत पोळा लावू नका